हार्डच्या उलट

मी नापास झालो. वीसपैकी सात. निकाल शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर लागला, बांबूच्या भिंतीवर, अख्ख्या गल्लीसमोर.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या पारे गावात कुणी नापास होत नाही. आजवर कुणी झालेलं नाही, त्यामुळे मीही झालेलो नाही. तर पुढचं सांगतो.

पारे म्हणजे जावा बेटावरचं इंग्रजीच्या वर्गांचं गाव; तिथे मी दोन आठवड्यांसाठी आलो होतो. त्याला चौदा महिने झाले होते. बाकीची पोरं महिन्याच्या दहा तारखेला नाहीतर पंचवीस तारखेला बॅगा घेऊन उतरतात, भाड्याच्या सायकलवरून या वर्गातून त्या वर्गात फिरतात, भरपूर इंग्रजी शिकतात आणि घरी जाऊन विसरतात. मी राहिलो. आधी शिकायला राहिलो, मग टायफॉईडमुळे राहिलो आणि मग भातामुळे.

भात बू साकिनेम यांचा. बू म्हणजे आई, थोरल्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात. आमच्या वसतिगृहात त्या एकोणीस वर्षं रांधतायत. टायफॉईडमध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडक काही पोटात जाता कामा नये. बू साकिनेम यांनी ते इतकं मनावर घेतलं की तेवीस दिवस मला चावावं लागेल असं काही दिसूही दिलं नाही. दिवसातून चार वेळा पेज. पाचव्यांदा येऊन त्या फक्त बघून जायच्या, मी अजून आहे का. चोविसाव्या दिवशी त्यांनी पहिला सुटा भात वाढला, वर पिवळ्या टोफूचा बोटभर तुकडा, आणि मी रडलो. त्या म्हणाल्या, "मिरची जास्त झाली का?" मी म्हटलं, हो. भातात मिरची नव्हती.

तर मला पारेतच राहायचं होतं. अडचण होती रासदीकाकाची. दूर ब्रेबेस गावी त्याचा खारवलेल्या अंड्यांचा धंदा आहे. बदकाचं अंडं घ्यायचं, विटांचा भुगा आणि मीठ कालवून त्या चिखलात लिंपायचं, बारा दिवस ठेवायचं, मग धुऊन उकडायचं. यातलं धुवायचं काम माझ्या जन्मापासून माझ्यासाठी राखून ठेवलेलं आहे. मला बदकं आवडत नाहीत. बदकांचंही माझ्याबद्दल तेच मत आहे, पण ती ते तोंडावर सांगतात.

काका फोनवर म्हणाला, "दमार, पंचवीस तारखेपर्यंत तिथे शिक्षक झालास तर राहा. नाही झालास तर सव्वीसला अंडी."

"झालो की कळवतो, काका."

"कळव. बदकं विचारतायत."

शिक्षक व्हायचं तर मिस्टर कुंचोरोंची परीक्षा द्यावी लागते. आमचा वर्ग त्यांचा, पूर्वीच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये भरतो. अंगणात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही हा तिथला नियम. बोललास तर तोंडाला पावडर फासतात, बाळाला फासतात ती, आणि मग दिवसभर तसंच फिरायचं. नियमाबाहेर फक्त स्वयंपाकघर. बू साकिनेम यांनी तो नियम कधी मानला नाही आणि त्यांना पावडर फासायची हिंमत कुणाची झाली नाही.

परीक्षा म्हणजे एक कागद. त्यावर वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत 'हार्ड' हा एकच शब्द, पुढे काहीतरी जोडलेलं. हार्ड पाव. हार्ड प्रश्न. हार्ड सीट. हार्ड पाणी. हार्ड हिवाळा. हार्ड काळीज. कष्टाळू कामगार, तोही हार्ड. प्रत्येकाचं उलट शोधायचं. मिस्टर कुंचोरो वर्गात सांगतात, "हार्ड हा हुशार मुलगा आहे. पावाच्या घरी एक वागतो, प्रश्नाच्या घरी दुसरंच. त्याला एकच भावंड आहे असं समजू नका."

हे मी घरबसल्या लिहिलं असतं. पण मिस्टरांची पद्धत अशी की उत्तर तुम्ही लिहायचंच नाही. ते जिवंत माणसाकडून, इंग्रजीत, तोंडानं वदवून घ्यायचं, त्याच्यासमोर कागदावर उतरवायचं आणि पुढे त्याची सही घ्यायची. एका माणसाकडून कितीही ओळी घ्या, पण कागद एकच मिळतो. आणि तो भिंतीवर लागतो, कारण पूर्वी एकानं तीन फ्रेंच माणसांची उत्तरं आणली होती आणि तिघांचं अक्षर सारखं होतं.

एरवी मिस्टर सगळ्यांना बसमध्ये घालून बोरोबुदुरच्या स्तूपाला नेतात. तिथे परदेशी पाहुणे असतात. पोरं त्यांना पायऱ्यांवर गाठून म्हणतात, "माफ करा, दोन मिनिटं इंग्रजी बोलाल का?" आणि ज्यांना फक्त बुद्ध बघायचा होता ती माणसं उन्हात उभी राहून हार्ड पावाच्या उलट काय असतं याचा विचार करतात. त्या महिन्यात बसचा क्लच गेला. मिस्टर म्हणाले, "दमार, गल्ली आहे की. गल्लीतही माणसंच राहतात."

गल्लीत माणसंच राहतात हे खरं आहे. पण ती आमची माणसं आहेत, आणि आमच्या माणसांना 'नाही' म्हणता येत नाही. तोंडच तसं वळत नाही. साठ वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याला लग्न झालं का विचारा, तो म्हणेल, अजून नाही. अमेरिकेला गेलायस का विचारा, अजून नाही. नुसतं 'नाही' म्हणणं म्हणजे समोरच्याच्या नाकावर दार आपटणं. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं, मीही तसाच बोलतो. तरी कागद घेऊन गेलो.

पहिले पाक तुकिजान, म्हणजे तुकिजानबाबा, सायकली भाड्यानं देणारे. त्यांचं इंग्रजी कामापुरतं आहे: एक तास, एक दिवस, ब्रेक जरा सांभाळून. मी सायकलच्या सीटवर हात ठेवून विचारलं, "पाक, ही सीट हार्ड. हार्ड सीटच्या उलट काय?"

त्यांनी सीटकडे पाहिलं. दुसऱ्या सीटकडे पाहिलं. एक सीट अंगठ्यानं दाबून पाहिली.

"नॉट येट," ते म्हणाले.

"नॉट येट कसं, पाक?"

"ही हार्ड झाली. ती अजून झाली नाही. होईल. माझ्याकडे सगळ्याच होतात."

मी पेन्सिल काढली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, लेकराला पहिल्यांदा शाळेत सोडणाऱ्या बापासारखे. चुकलं असं मी म्हणू शकलो असतो. पण मलाही ते तोंड नाही. मी लिहिलं, नॉट येट. त्यांनी जीभ बाहेर काढून सही केली, खाली घरनंबर लिहिला आणि शेजारी शिसपेन्सिलीनं एक छोटी सायकल काढली, कॅरिअर आणि घंटीसकट.

"बरोबर आहे ना रे?"

"छान आहे, पाक."

तिथून मी धोबीकाम करणाऱ्या म्बाक यायुककडे, म्हणजे यायुकताईकडे गेलो. हार्ड हिवाळ्याच्या उलट काय? जावा बेटावर हिवाळा कुणी पाहिलेला नाही. तिनं दोरीवरचे सगळे शर्ट सरळ केले आणि म्हणाली, "नॉट येट. इकडे अजून आलेलाच नाही."

तळलेली केळी विकणाऱ्याला कष्टाळू कामगाराच्या उलट काय ते विचारलं. त्याचा जावई मागे बाकड्यावर आडवा होता, तोंडावर टोपी. सासऱ्यानं एकदा तिकडे पाहिलं, कढईत झारा फिरवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "नॉट येट." टोपी हलली नाही. मशिदीची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्यांनी हार्ड काळजाच्या उलट म्हणून छातीवर हात ठेवला. "नॉट येट, देवाच्या कृपेनं."

गुरुवार दुपारपर्यंत तेरा ओळी भरल्या. तेराच्या तेरा नॉट येट. गल्लीतल्या तेरा माणसांच्या सह्या, दोन शिक्के, एक सायकल. आणि गंमत बघा, एकालाही मी दुसऱ्याचं उत्तर दाखवलेलं नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो. बू साकिनेम शेंगदाणे वाटत होत्या.

"काय रे, ले, पोरा? तोंड का असं झालंय, वाफ गेलेल्या पातेल्यासारखं?"

"बू, उद्या निकाल. सात ओळी राहिल्यात. आणि तेरा झाल्यात त्या न झालेल्या बऱ्या."

"मग मला विचार."

"तुम्हाला?"

"का? मी जिवंत नाही का? मिस्टरांचा नियम जिवंत माणसाचा आहे ना."

मी कागदाकडे पाहिलं. पहिलीच मोकळी ओळ नको ती होती. "हार्ड भाताच्या उलट काय?"

वरवंटा थांबला. "माझ्या स्वयंपाकघरात बसून हार्ड भात म्हणतोस?"

"कागदावर लिहिलंय, बू."

"कागदाला कुणी जेवायला घातलं होतं?"

"तुम्ही फक्त उलट सांगा."

"साकिनेम. लिही."

मी लिहिलं. तेवीस दिवसांची पेज माझ्या पोटात साक्षीला होती. त्या हात पुसून माझ्या शेजारी बसल्या, कागद लांब धरला आणि ओठ हलवत वाचायला लागल्या. मग कशाचंही विशेष नाही अशा आवाजात म्हणाल्या, "पाव, सॉफ्ट. प्रश्न, इझी. हिवाळा, माइल्ड. पाणी पुन्हा सॉफ्ट, तिथे पोरं नेहमी चुकतात. काळीज, काइंड. कामगार, लेझी. हे तू त्या केळीवाल्याला विचारलंस, जावयासमोर? तुला अक्कल कधी येणार?"

त्यांनी वीसच्या वीस सांगितले. एकही अडला नाही. मी अंगणात असतो आणि चुकून जावानीज बोललो असतो तर तोंड एवढं पांढरं झालं नसतं.

"बू, तुम्हाला हे सगळं येतं?"

"एकोणीस वर्षं ही पोरं माझ्या भांडी घासायच्या हौदापाशी उभी राहून शब्द घोकतात. मी काय कान घरी ठेवून येते? तुमचे मिस्टर कुंचोरो इथेच घोकायचे. माइल्ड काही त्यांच्या लक्षात राहीना. मी ताट आपटायचे, मग आठवायचा."

"मग कधी बोलला नाहीत."

"मला कुणी काय विचारतं? भात झाला का, एवढंच विचारतात."

"तुम्ही काय सांगता?"

"नॉट येट."

त्या उठून गेल्या आणि खिळ्याला दोरीनं अडकवलेला खोडरबर घेऊन आल्या, बाजाराच्या यादीसाठी ठेवलेला. "पुस ती तेरा. सगळं पेन्सिलीनं आहे. वीसही माझ्या नावावर लिही, मी सह्या करते. पास हो आणि मला पाणी भरू लाग."

मी अगदी मनापासून सांगतो, मला पास व्हायचं होतं. सव्वीस तारीख मला दिसत होती. हौदभर अंडी, कोपरापर्यंत विटकरी चिखल, कडेला बदकं. मी पहिल्याच ओळीवर खोडरबर ठेवला. सायकलचं पुढचं चाक गेलं.

चाक गेल्यावर ती सायकल इतकी केविलवाणी दिसायला लागली की माझा हात थांबला. उद्या दुपारी पाक तुकिजान ही सायकल बघायला येणार होते. म्बाक यायुक येणार होती. भिंतीवर लागलेल्या कागदात आपलं नाव शोधायला सगळे येतात, नमाजाचे स्वच्छ कपडे अंगावर असतातच. टायफॉईडमध्ये म्बाक यायुकनं माझ्या चादरी धुतल्या होत्या आणि विषयही काढला नव्हता. पाक तुकिजाननी तेवीस दिवस माझी सायकल दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, आजाऱ्याला परत आल्यावर ओळखीची सीट लागते म्हणून. त्या माणसांना भिंतीसमोर उभं करून त्यांच्या जागी काहीच नाही असं दाखवायचं?

"काय झालं?" बू साकिनेम म्हणाल्या.

"चाक पुसलं गेलं."

"मग?"

मी पेन्सिल घेऊन चाक परत काढलं. मला गोल येत नाहीत. त्यांनी वाकून ते चाक पाहिलं, मला पाहिलं आणि खोडरबर खिळ्याला परत अडकवला.

"उरलेल्या सहा सांग," त्या म्हणाल्या. "आणि आधी जेव."

शुक्रवारी नमाज सुटल्यावर सगळी गल्ली आमच्या अंगणात आली. पाक तुकिजान तपकिरी बाटिकच्या शर्टात होते. केळीवाल्यानं टोपलीभर केळी आणली होती, जावयाच्या हातून. कागद भिंतीवर लावला होता. पाक तुकिजान त्याच्या इतके जवळ गेले की नाक लागलं.

"चाक बदललंस?"

"हो, पाक."

"बरं केलंस. जुनं जरा डगडगत होतं."

मिस्टर कुंचोरो लाल पेन घेऊन आले आणि सगळ्यांसमोर तपासायला लागले. नियमच तसा आहे. पहिल्या नॉट येटपाशी पेन थांबलं. त्यांनी मान वळवून पाहिलं तर मागे पाक तुकिजान उभे, हसरे, ताठ. मिस्टरांनी पेन तसंच खालच्या ओळीवर नेलं. तिथे म्बाक यायुक. त्याखाली मशिदीचे म्हातारे, तेही मागे हजर. तेरा ओळींवर त्यांनी ना बरोबरची खूण केली ना चुकीची, नुसते खोकत गेले. चौदाव्या ओळीवर 'साकिनेम' लिहिलेलं होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात हातात ताट होतं. मिस्टरांनी बरोबरची खूण केली. पुढच्या सहांवरही केली.

वीसपैकी सात. पास व्हायला चौदा लागतात.

निकाल मोठ्यानं सांगायचा असतो. मिस्टर वळले. त्यांच्यासमोर तेरा शेजारी उभे होते, आणि मिस्टरही आमच्यातलेच. त्यांचंही तोंड तसं वळत नाही. त्यांनी घसा साफ केला.

"दमार," ते म्हणाले, "नॉट येट."

पाक तुकिजाननी म्हाताऱ्यांकडे पाहिलं, म्हाताऱ्यांनी म्बाक यायुककडे पाहिलं, आणि तेराच्या तेरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. आपलं उत्तर बरोबर निघालं होतं. खुद्द मिस्टरांच्या तोंडून. केळीवाल्यानं जावयाला टोपली फिरवायला सांगितली आणि जावई खरंच फिरला. पाक तुकिजान माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मला जरा शंका होती रे. पण तू छान आहे म्हणालास, तेव्हाच समजलो."

मी केळं खाल्लं. चांगलं होतं.

पंचवीस तारखेला काकाचा फोन आला. मी अंगणाबाहेर जाऊन घेतला.

"झालास का शिक्षक?"

"अजून नाही, काका."

पलीकडे काकानं आधी बदकांना गप्प केलं. नाही म्हणालो असतो तर प्रश्न मिटला असता. पण अजून नाही म्हटलेल्या माणसाला, अर्ध्यात काम असताना, उठून ये कसं म्हणायचं? काकाही ब्रेबेसचा असला तरी जावानीजच.

"बरं," तो म्हणाला. "मग होईपर्यंत थांब."

याला दोन वर्षं झाली. दर पंचवीस तारखेला मी परीक्षेला बसतो. गल्लीतली माणसं सहीसाठी आता स्वतःहून विचारतात. पाक तुकिजाननी या वेळी सायकलला टोपली काढली. निकाल येतो नॉट येट, टाळ्या पडतात, काकाला कळवतो. मिस्टर कुंचोरोंनी मला नवख्यांची तुकडी दिली, "तोपर्यंत सांभाळ" म्हणून. मी तोपर्यंत सांभाळतो. पोरं मला मिस्टर म्हणतात. शिक्षक झालो का कुणी विचारलं तर काय सांगायचं ते पाठ आहे.

पोरांना पहिल्या दिवशी मी हौदापाशी नेतो. बू साकिनेम भांडी घासत असतात. मी पोरांना सांगतो, शब्द मोठ्यानं घोका, कुणीतरी ऐकतंय. चुकलं की ताट आपटतं. मला मात्र एवढ्यावर थांबवत नाही. चौदाव्या ओळीवर मिस्टरांनी खूण केली ती फक्त आमच्या भिंतीवर आहे, आणि पाऊस आला की कागद भिजतो. म्हणून काल तुकडी सुटल्यावर बसून लिहिलं, ते खाली देतो.

प्रति,
जगातील सर्व इंग्रजी शब्दकोशांचे प्रमुख अधिकारी,
यांच्या सेवेशी.

विषय: 'हार्ड' या विशेषणाच्या विरुद्धार्थी शब्दांत दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, सदर शब्दाच्या विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत सॉफ्ट, इझी व माइल्ड यांच्या आधी 'साकिनेम' हा शब्द पुढील आवृत्तीपासून समाविष्ट करण्यात यावा. पुरावा म्हणून केळीच्या पानात बांधलेला भात सोबत जोडला आहे. तो आपल्यापर्यंत पोहोचताना कडक झाल्यास त्यास टपाल जबाबदार धरावे, बू साकिनेम यांना धरू नये. तसेच याच यादीत शेवटी 'नॉट येट' यासही जागा द्यावी, ती मागणाऱ्या तेरा जणांच्या सह्या, दोन शिक्के व एक सायकल सोबत आहेत. सायकलचे पुढचे चाक छापताना गोल करून घ्यावे.

उत्तर कळवताना कृपया 'नाही' हा शब्द वापरू नये, ही विनंती.

आपला,
दमार,
शिक्षक (अजून नाही)